बघायचे दाणे

एका संस्थानात एक टाकीवाली राहायची. राहायची कसली, फिरायचीच. खांद्याला झोळी, झोळीत छिन्नी-हातोडा आणि मागे कुरकुरणारी म्हातारी आई. "टाकी लावा, पाट्याला टाकी, जात्याला टाकी!" अशी हाळी आली की बायका झिजून गुळगुळीत झालेले दगड अंगणात काढायच्या. ही दगडावरून हात फिरवायची, टकटक करत त्याला पुन्हा धार आणायची आणि मजुरीचे सूपभर दाणे घ्यायची.

बाई मोठी करारी. दगड चांगला असला तर तोंडावर सांगायची, "वहिनी, याला गरज नाही. दिवाळीनंतर बघू." हातातलं काम असं सोडलं की आईचा जीव तुटायचा.

पावसाळ्यात वाटा बंद, म्हणून कामही बंद. एका वर्षी तर मायलेकींनी नुसती अळूची पानं उकडून खाल्ली. त्याच वर्षी राजवाड्याच्या कारभाऱ्यानं तिला बोलावलं.

"मुदपाकखान्यात पाटे आहेत, जाती आहेत. कायमची राहा. खोली, दोन वेळचं जेवण, सणाला लुगडं."

आई म्हणाली, "विचार कसला करतेस? हो म्हण!"

ती हो म्हणाली. म्हातारीचे गुडघे आता चालायला तयार नव्हते, हेही खरंच होतं.

थोड्याच दिवसांत वाड्यातले सगळे दगड धारेवर आले. टाकीवाली सावलीत बसली. कारभारी आला.

"बसलीस गं?"

"काम झालं, कारभारी."

"झालं म्हणजे? जेवण रोजचं, तर टाकीही रोजची. ऊठ, ठोक!"

"धारेच्या दगडावर ठोकलं तर त्याचा चुरा होतो. तो वाटणात उतरेल. दाताखाली कच येईल."

"ते मी बघेन. मला टकटक ऐकू आली पाहिजे."

आईनं समजावलं, "अगं, वरवर मार. गिळायला मिळतंय ना?"

"आई, माझ्या टाकीनं कुणाच्या घासात खडा गेला तर उद्या मला कोण दारात उभं करेल?"

आणि तिनं झोळी उचलली. म्हातारी वाटभर बडबडत होती, "राजाचं अन्न लाथाडलं, मोठी शहाणी!" पण लेक दमलेली दिसली तशी झोळी तिनंच ओढून आपल्या खांद्यावर घेतली.

इकडे कारभाऱ्यानं आपल्या मेहुण्याला टाकीवर बसवलं. दिवसभर टकटक. कारभारी खूश!

मग राजकन्येचं लग्न निघालं. विहिणीची पंगत बसली. समया लागल्या, रांगोळ्या सजल्या, पुरणपोळी वाढली. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि कच्चकन आवाज झाला. दाढच हलली!

"पुरण वाटलंत का पाटाच वाटलात?" विहीणबाई भरल्या पानावरून उठल्या. लग्न मोडायची वेळ आली. राणीनं हातापाया पडून कसंबसं सावरलं आणि मुदपाकखान्यात जाऊन एकेका पाट्यावरून बोट फिरवलं. बोटाला दगडाचा भुगा लागला.

टाकीवाली का गेली ते स्वयंपाकिणींनी सांगितलं, तशी राणीनं तिला शोधून आणलं.

"बाई, चुकलं आमचं. जन्मभर इथंच राहा. मागशील ते देते."

"राहणार नाही, राणीसाहेब. येईन मात्र नक्की. दगड बघेन. गरज असली तर टाकी मारीन, नसली तर हात न लावता जाईन. दाणे मात्र टाकी मारली तरी घेईन, नाही मारली तरी घेईन, तेही पावसाळ्याआधी."

कारभाऱ्यानं डोळे वटारले. "न ठोकता दाणे? नुसतं बघायचे?"

"हो, बघायचेच," टाकीवाली म्हणाली. "महाग वाटत असतील तर विहीणबाईंना विचारून या."

राणी खुदकन हसली आणि तिनं स्वतःच्या हातानं सूप भरून दिलं.

तात्पर्य, नीट ऐका: चाकरी कायमची असो की दारोदारची, पोट दोन्हीकडे भरतं. पण "आज याला गरज नाही" असं धन्याला सांगायची हिंमत जिच्यात आहे, तिचं मोल दगड ठोकण्यात नाही, दगड ओळखण्यात आहे. आणि ते मोल तिनं मागून घ्यावं, लाजू नये.