उलट्या आकड्याची बंदूक

रंगराव सरदारांना जुन्या बंदुकांचा भारी नाद, आणि त्याहून भारी स्वतःच्या मिशांचा. खंडेनवमीला ते म्हाळसाबाईंकडे आले. त्यांच्या दिवंगत यजमानांची बंदूक पूजेत मांडली होती.

"वहिनी, कारखान्यानं हिच्यावर सालाचा आकडा उलटा ठोकलाय. चुकलेल्या मालाला कोण विचारतंय? पन्नास रुपये देतो."

लेकीला शिकायला पाठवायचं, तर म्हाळसाबाईंना पाचशे हवे होते. त्या गोड हसून म्हणाल्या, "खरंच की! बसा हं, लोहाराकडून आत्ता आकडा घासून सुलटा ठोकून आणते. मग पाचशे द्या."

सरदार ओरडले, "अहो, हात लावू नका! अशी उलट्या आकड्याची जगात एकच आहे!"

"अगंबाई, एकच? मग हजार द्या, भावजी."

सरदारांच्या मिशा खाली आल्या आणि थैली बाहेर.