उरलेली साल

मुलांनो, सागाच्या एका जंगलात, ओढ्याकाठच्या बिळात एक रानकुत्री राहत असे. तिला एकच पिल्लू होते. रानकुत्र्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे का? आई शिकार पोटात घालून आणते आणि पिल्लापुढे ओकून काढते. शी म्हणू नका! पिल्लाला आईचे ते उष्टे पक्वान्नाहून गोड लागते.

त्या वर्षी या आईच्या पोटात आग पडली. घास गिळला तरी जळजळ, नाही गिळला तरी जळजळ. कळवळत ती म्हाताऱ्या साळिंदर वैद्याकडे गेली. त्याने पोट दाबून पाहिले. "पोटात बारीक जीव असतात, बाई. डोळ्यांना दिसायचे नाहीत. त्यातल्या एका जातीनं तुझं पोट कुरतडून जखम केली आहे. ही झाडाची साल सात दिवस चाव. ते मरतील, जखम भरेल."

"पण ते माझ्या पोटात आले कुठून?"

"बहुतेक तुझ्या आईच्या उष्ट्यातून. पुष्कळांच्या पोटात असतात, आणि जन्मभर काही त्रासही देत नाहीत."

साल जहर कडू होती, पण गुण आला. जळजळ थांबली, जखम भरली. वैद्याचे औषध अगदी बरोबर होते, हे आधीच सांगून ठेवतो. चुकले ते पुढेच.

रानकुत्रीच्या डोक्यात भुंगा शिरला : आईच्या उष्ट्यातून मला, तर माझ्या उष्ट्यातून पिल्लाला! तिने पुन्हा वैद्याला गाठले.

"त्याचं पोट दुखतं?" वैद्याने विचारले.

"नाही."

"खातं-पितं?"

"अहो, पोटभर खाऊन वर माझी शेपटी चावतं!"

"मग चांगल्या पोटात हात कशाला घालतेस? उद्या काही दुखलंखुपलं, तर मी आहेच की."

पण दुधाने तोंड पोळलेली ती, ताकही फुंकून पिणार! वैद्याने दिलेल्यातली थोडी साल उरली होती. पिल्लापुरती ती पुष्कळ होती. कुणाला न सांगता तिने सात दिवस ती पिल्लाला चारली. "आई, कडू आहे!" पिल्लू कुरकुरले. "खा रे राजा, तुझ्या भल्यासाठीच देतेय," ती म्हणाली. पिल्लाने डोळे मिटून खाल्ली.

हिवाळ्यात पिल्लाला हगवण लागली. चार दिवस बरे वाटे, की पुन्हा तेच, आणि मग रक्तही पडू लागले. कळपातली बाकीची पोरे शिकारीमागे धावायला शिकली. हे मात्र बिळाच्या तोंडाशी पोट धरून बसे. शेवटी रानकुत्रीने वैद्याला बोलावले आणि मान खाली घालून सालीची गोष्ट सांगून टाकली.

वैद्याने पिल्लाचे पोट चाचपले. "आतड्यांना सूज आली आहे. सालीमुळंच आली, असं छातीठोक सांगता येणार नाही. साल न खाताही हे कुणाकुणाला होतं. पण पोटातले जीव सगळेच चोर नसतात गं, काही राखणदारही असतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. तुझ्या पोटात जखम होती, म्हणून तो धोका पत्करला. याच्या पोटात काय होतं?"

रानकुत्रीने पिल्लाला कुशीत ओढले. सालीनेच झाले असे कळते, तर ती एकदाची रडून मोकळी झाली असती. सालीने नाही असे कळते, तर सुखाने झोपली असती. पण हे 'कदाचित' तिला गिळताही येईना आणि ओकताही येईना.

वैद्याच्या औषधपाण्याने पिल्लू जगले, पण कळपाबरोबर ते कधीच दौडले नाही. एकदा कोवळ्या उन्हात आई त्याचे अंग चाटत होती, तेव्हा ते म्हणाले, "आई, ती साल फार कडू होती गं. पण तू दिलीस ना, म्हणून मी सगळी खाल्ली. एक तुकडाही टाकला नाही."

ती नुसती चाटत राहिली.

तात्पर्य : औषध दुखण्यापोटी द्यावे, भीतीपोटी देऊ नये.