खजुराची सोयरीक

"फळच देत नसेल, तर ते झाड ठेवायचं कशाला, बाबा?"

नजीबच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. वाळवंटाच्या कडेला कंबलबाबा या फकिराचा राहता तकिया, त्यामागे खजुराची बाग. बागेतल्या सगळ्यात उंच झाडाखाली तो उभा होता.

नजीब सरदार घराण्यातला. शिष्य व्हायला आला तेव्हाच त्यानं सांगून टाकलं होतं, की पडेल ते काम करीन, पण झोळी घेऊन कोणाच्या दारात उभा राहणार नाही. आमच्या घराण्यात कोणी हात पसरलेला नाही. कंबलबाबा हसले होते आणि त्याला चुलीच्या सरपणाचं काम दिलं होतं.

त्या चुलीवर रोज संध्याकाळी खजुराची खीर शिजे. वाटसरू येत, पोटभर खात आणि पुढे जात. त्या रस्त्यावर दुसरीकडे कुठे अन्न मिळत नव्हतं.

"पाडावंसं वाटतंय?" बाबांनी विचारलं.

"हो."

बाबांनी झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं.

"मग पाड."

झाड पडलं. त्याचं सरपणही धड होईना. चुलीत घातलं की नुसतं धुमसायचं. धुरानं नजीबचे डोळे लाल झाले. पण चूक कबूल करील तर तो सरदार कसला.

थंडी सरली आणि उरलेल्या झाडांना फुलोरा आला. बाबा त्याला बागेत घेऊन गेले.

"या सगळ्या माद्या. नराच्या तुऱ्याच्या काड्या यांच्या फुलोऱ्यात बांधाव्या लागतात. तेव्हा फळ धरतं."

"आणि नर कुठाय?"

बाबांनी चुलीकडे पाहिलं.

नजीबची नजर झाडाझाडावरच्या फुलोऱ्यावरून फिरली. खीर... वाटसरू...

"तुम्हाला ठाऊक होतं. मग मला अडवलं का नाही, बाबा?"

बाबा तकियाकडे वळले. आत जाऊन त्यांनी खुंटीवरची झोळी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

पलीकडच्या वस्तीत एका म्हातारीच्या अंगणात नर खजूर होता. नजीब तिच्या दारात जाऊन उभा राहिला. उन्हं कलली तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. म्हातारी आत धान्य पाखडत होती. शेवटी तिनंच सूप खाली ठेवलं.

"काय हवंय?"

"तुरा..." तो म्हणाला. "आमच्या झाडांसाठी."

"मग असे ताठ का उभे? सोयरीक मागायला आलात, शेतसारा वसूल करायला नाही. वाकून आत या."

दार ठेंगणं होतं. तो वाकला.

म्हातारीनं त्याच्याकडून तुरा उतरवून घेतला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या झोळीत ठेवला.

"जपून न्या. घरातला मुलगा देतेय."

नजीब एकेका झाडावर चढला. प्रत्येक फुलोऱ्यात त्यानं दोन-चार काड्या बांधल्या. पिठासारखी भुकटी बोटांना लागली आणि वाऱ्यावर उडूनही गेली. एवढ्याशानं काय होणार, असं त्याला वाटलं.

उन्हाळा सरता सरता घोस असे लगडले, की त्यांना टेकू द्यावे लागले. नजीब बागेत जायचा आणि कशासाठी आलो तेच विसरून वर बघत राहायचा. चिमूटभर धुळीतून एवढं आलं, आणि ती धूळही आपली नव्हती. त्याच्या अंगावर काटा यायचा.

हंगामातली पहिली खीर त्यानं स्वतः केली. बिया काढल्या, शेळीच्या दुधात खजूर घातला आणि दूध तांबूस होईपर्यंत ढवळत बसला. वाडगा त्यानं बाबांपुढे ठेवला.

बाबांनी हात लावला नाही.

"आधी व्याह्यांच्या घरी नेऊन दे."

नजीब जाऊन आला तेव्हा बाबा पाडलेल्या झाडाच्या बुंध्याशी बसले होते. मुळातून एक हिरवा कोंब वर आला होता. बाबा त्याला पाणी घालत होते.

"बाबा, हा नरच निघेल ना?"

"ज्याच्या मुळातून आला, तोच हा."

नजीबचा चेहरा उजळला.

"मग याला तुरा कधी येईल? म्हणजे पुन्हा मागायला जावं लागणार नाही."

बाबांनी मडक्यातलं उरलंसुरलं पाणी कोंबाला ओतलं...

"तुरा यायची तुला घाई उरणार नाही ना, तेव्हा."