घाटातली बोलणी

"पण आधी आम्हीच का नमायचं, बाबा?"

मोरेश्वरपंतांचा आवाज चढला होता. ते सोनवेलचे वकील. किनाऱ्यावरच्या बलाढ्य राज्याचे.

गुलाबशा फकिरांनी त्यांना बसायची खूण केली. घाटमाथ्यावरच्या याच झोपडीत लहानपणी पंतांनी त्यांच्यापाशी फारसी गिरवली होती.

पंतांनी एका दमात सगळं सांगितलं. डोंगरातल्या वज्रगडाने सोनवेलच्या मिठावर तिप्पट जकात बसवली. सोनवेलने मीठच बंद केलं. मग वज्रगडाने लोखंड अडवलं. तीन वर्षं घाट ओस. आता दोन्हीकडच्या फौजा पायथ्याशी येऊन ठेपल्या होत्या, आणि उद्या शेवटची बोलणी.

"असा खलिता लिहिलाय बाबा, त्यांच्या कारभारी हैबतरावाची बोलतीच बंद होईल."

"वाच."

पंतांनी ठसक्यात वाचला.

"आता त्याचा वाच."

"त्याचा माझ्याकडे कुठून असणार?"

फकिरांनी समोरच्या घोंगडीकडे बोट केलं.

"तिथं बस. तू हैबतराव. बोल."

पंत हसले. फकीर हसले नाहीत.

पंत उठून पलीकडे बसले. घसा खाकरला.

"आमची जनावरं मिठावाचून भिंती चाटतात..."

पंतांनी घोंगडीवर मांडी नीट घातली.

"लोखंडाचे ढीग गंजतायत. लोहार गाव सोडून गेले. आणि... आणि तुमच्या दरबारात आमचा वकील तीन दिवस दारात उभा होता. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

पंत थबकले. ते तिन्ही दिवस ते स्वतः दरबारात होते.

"उठ आता," फकीर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तंबूत हैबतराव उत्तरांच्या कागदांची चळत घेऊन बसले होते. पंतांनी खलिता उघडलाच नाही.

"हैबतराव, तुमच्या वकिलाला आम्ही तीन दिवस दारात उभं केलं. मी बघत होतो. चुकलं आमचं."



हैबतरावांनी कागद बाजूला सारले.

"तुमच्या कोळ्यांच्या होड्या खिळ्यांवाचून वाळूत पडल्यात म्हणे?"

"पडल्यात."

"मग आधी खिळे पाठवतो. जकातीचं मागाहून बसून बोलू."

दुपारपर्यंत जकात उतरली, सांजेला तहावर शिक्के उमटले.

पाचव्या दिवशी घाट घुंगरांनी दणाणला. मिठाच्या गोण्या लादलेले बैल वर चढत होते, लोखंडाचे खाली उतरत होते. फौजा माघारी वळल्या होत्या. त्यांचेच नगारे आता तांड्यांपुढे वाजत होते. दोन्हीकडची माणसं मूठमूठ गुलाल उधळत होती.

पन्नाशीचे मोरेश्वरपंत पगडी हातात घेऊन टेकडी धावत चढले.

"बाबा! जिंकलो बाबा, आम्ही जिंकलो!"

गुलाबशा दारात उभे राहून खालचा घाट बघत होते. डोळे भरलेले, चेहरा हसरा.

"आपण म्हण, मोरू... आपण."