बारा टाक्या

एकदा एका कारखानदार बाईंचा पहिलावहिला माल परदेशी निघाला होता. बाईंचे नाव त्रिशला मगदूम. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्या आतून काचेचे अस्तर दिलेली पोलादी भांडी बनवत. अशी बारा मोठी भांडी ट्रेलरवर चढली होती. नारळ वाढवायला त्यांनी नेर्लेकर अण्णांना बोलावले होते. अण्णा कस्टममधून निवृत्त झालेले. निर्यातीची कागदपत्रे त्रिशलाबाई त्यांच्याकडेच शिकल्या होत्या.

अण्णांनी नारळ हातात घेण्याआधी कागद मागितले. दुसऱ्या पानावर ते थांबले. मग शांतपणे ट्रेलरपाशी गेले, ड्रायव्हरकडून किल्ली मागून घेतली आणि म्हणाले, "माल उतरवा."

फुले घेऊन उभ्या असलेल्या कामगारांना काय करावे कळेना.

"अण्णा, हे काय करताय? बोट परवा सुटतेय!" त्रिशलाबाईंचा आवाज चढला.

"इथं 'पाण्याच्या टाक्या' असं लिहिलंय. कुणी सांगितलं?"

"गिऱ्हाइकानंच. म्हणाला, तसं लिहिलं की लवकर सुटतं."

"पाणी साठवायला काचेचं अस्तर कशाला लागतं गं?"

त्रिशलाबाईंनी कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली.

"त्याला आत्ताच्या आत्ता ई-मेल लिही. यात काय तयार करणार, कोण करणार, कुठं करणार, एवढंच विचार."

रागारागातच त्यांनी विचारले. तासाभरात उत्तर आले, 'असले प्रश्न विचारू नका. कागदावर टाक्याच राहू द्या. हा पत्रव्यवहार पुसून टाका.'

त्रिशलाबाईंनी ते दोनदा वाचले. मग माल जायचा होता त्या देशात नोकरीला असलेल्या भाच्याला फोन करून गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर पाठवले. दुपारी त्याचा फोन आला. "मावशी, इथं लग्नाच्या कपड्यांचं दुकान आहे. या नावाची कंपनी इथं कुणाला माहीत नाही."

त्या खुर्चीत बसल्या. महिनाभर ज्या भांड्यांवरून त्या कौतुकाने हात फिरवत होत्या, त्यांच्याकडे बघवेना.

अण्णा त्यांच्या शेजारी बसले. "आम्लानंसुद्धा झिजत नाहीत अशी तुझी भांडी. त्यांत औषध बनतं. माणसं मारणारा विषारी वायूही त्यांतच बनवता येतो. म्हणून ती सरकारच्या नियंत्रित वस्तूंच्या यादीत आहेत. परवान्याशिवाय ती देशाबाहेर जात नाहीत. वर्गीकरणाचा रकाना भरताना वस्तूला आपण काय म्हणतो ते बघायचं नसतं. ती काय काय करू शकते, ते बघायचं असतं. नाव तू बदललंस, त्रिशला. भांडं तेच राहिलं."

"मला खरंच माहीत नव्हतं, अण्णा."

"माहीत नव्हतं, हे मान्य. पण तू विचारलंही नव्हतंस."

त्रिशलाबाई उठल्या. त्यांनी कामगारांना जवळ बोलावले, घडले ते जसेच्या तसे सांगितले आणि भांडी उतरवायला लावली. मग परवाना देणाऱ्या कार्यालयाला स्वतः पत्र लिहिले, गिऱ्हाइकाची सगळी पत्रे जोडली. मजकुरात एक वाक्य होते, 'मालाचे खोटे वर्णन मी माझ्या हाताने लिहिले होते.'

"हे वाक्य ठेवू ना?" त्यांनी विचारले. "कदाचित मलाच नोटीस येईल."

"येईल," अण्णा म्हणाले.

त्रिशलाबाईंनी खाली सही केली.

नोटीस आली. चौकशी चालली, आणि ती पुरी होईपर्यंत परदेशी काम बंद राहिले. पुढे परदेशातल्या एका औषध कंपनीने भांडी मागितली, तेव्हा त्रिशलाबाईंनी भाव सांगण्याआधी विचारले, "यात तुम्ही काय बनवणार?" पलीकडच्या माणसाने आढेवेढे न घेता औषधाचे नाव सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि परवान्याचा अर्ज पुढ्यात ओढला.