बारसं राहिलेलं बाळ

“म्हंजे त्यो कुणी न्हवताच का?”

मठाच्या ओसरीवर बसून हौसाबाईनं विचारलं.

तिच्या भावाचं बाळ बारशाच्या आदल्या दिवशी गेलं होतं. पाळणा सजून तयार होता. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून ती सासरहून नवं लुगडं नेसून आली होती. आली ती रडणं ऐकतच दारात शिरली.

“तसं नाही हो बाई,” मठातले त्र्यंबकशास्त्री म्हणाले. “पण नाव ठेवलं गेलं नव्हतं. दातही आले नव्हते. अशा बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. पिंड नाही, श्राद्ध नाही. करायचं असं काही राहतच नाही.”

शास्त्रीबुवांचं काही चुकत नव्हतं. सोळा संस्कार त्यांना तोंडपाठ. कुठला कधी, कुणी, कसा करायचा, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. लवकरच ते मठाच्या स्वामींकडून संन्यास घेणार होते. त्याचा ताठा मात्र मानेत आधीच येऊन बसला होता.

“पुरलं की. हितंच, नदीच्या वरल्या अंगाला.”

“मग झालं.”

“झालं कुटं?” हौसाबाईचा आवाज चढला. “घरात भावजय रडतीया. नुस्तं बाळा बाळा करतीया. बाळ काय, समद्यांचीच असत्यात. तिला हाक मारून रडाया नाव पायजे. आन् नाव माझ्या तोंडात अडकून पडलंय. सांगू कुणाला?”

शास्त्रीबुवांनी मान हलवली. “आता नाही सांगता यायचं. नामकरण हा जिवंत देहाचा संस्कार. नाव सांगायला कान लागतो, बाई.”

 

आतल्या भिंतीला टेकून स्वामी बसले होते. त्यांनी अन्न जवळजवळ सोडलं होतं. दिवस भरत आलेत हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं.

“त्र्यंबका...”

“जी महाराज.”

“मी गेल्यावर मला अग्नी देशील?”

शास्त्रीबुवा चपापले. “नाही महाराज. संन्याशाला अग्नी नाही. भूमीत समाधी.”

“पिंड?”

“नाही. आपण स्वतःचं श्राद्ध संन्यास घेतानाच केलंत. आपले सगळे संस्कार पुरे झाले.”

“आणि त्या बाळाचे?”

“त्याचे... व्हायचेच राहिले.”

“माती कुठली?”

शास्त्रीबुवांनी नदीच्या वरल्या अंगाकडं पाहिलं.

“तीच, महाराज.”

स्वामी उठले. शास्त्रीबुवा हात द्यायला धावले, तो त्यांनी बाजूला सारला आणि खांब धरत धरत हौसाबाईसमोर येऊन बसले. डोक्यावरची छाटी मागं सारली. मान वाकवली आणि कान तिच्याकडं केला.

“आत्या, सांग.”

हौसाबाईनं घाबरून शास्त्रीबुवांकडं पाहिलं.

“महाराज, अहो, हे...” शास्त्रीबुवा पुढं झाले.

“तू गप्प बस.”

हौसाबाईनं पदर पुढं ओढला. आधी तिच्या तोंडून नुसतंच कुर्रर्र निघालं. मग ओठ हलले. नाव ओसरीवर दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नाही.

नाव सांगून झालं की बाया आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात. रीतच आहे ती. हौसाबाई सवयीनं तशीच वाकून राहिली...

पाठीवर कुणाचाच हात पडला नाही.

तेव्हा तिला रडू फुटलं. इतके दिवस ती घरात सगळ्यांना धीर देत होती. स्वतः रडायला तिला सवडच झाली नव्हती. शास्त्रीबुवांनी नजर खाली घातली. त्यांनाही आतून काहीतरी टोचलं असावं.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. जमिनीला डोकं टेकवलं.

“सांगू का घरी? ठेवलं म्हून?”

“सांग. आणि तिला म्हणावं, नावानं हाक मारून रड.”

हौसाबाई गेली. जाताना जवळजवळ पळतच गेली.

शास्त्रीबुवा उभेच होते. बोलू की नको, असं त्यांचं चाललं होतं. शेवटी राहवलं नाही.

“महाराज, मला समजत नाही. नाव पडलं आपल्या कानात. बाळ आहे मातीत. त्याला ते पोचणार कसं?”

स्वामींनी छाटी पुन्हा डोक्यावर ओढून घेतली.

“मी चाललोच आहे तिकडं... सांगेन त्याला.”