मैदानात जागा नाही

मोरझरीच्या महाराजांना फुटबॉलचं मैदान मोठं करायचं होतं, आणि मैदानाला अगदी लागून कुंभारवाडा होता. म्हणून कुंभारवाड्यानं दिवाळीच्या आत उठावं, असा हुकूम निघाला. घरं पाडायची, भट्ट्या मोडायच्या आणि तिथं दगडी पायऱ्यांची भलीमोठी गॅलरी बांधायची.

कारण महाराजांच्या संघाचे चाहते मैदानात मावत नव्हते. दर शुक्रवारी सामन्याला ही गर्दी! माणसं पायऱ्यांवर, कठड्यावर, एकमेकांच्या पायांवर उभी असायची. असं प्रेम दुसऱ्या कुठल्या संस्थानात दिसायचं नाही, असं दिवाण त्रिंबकपंत महाराजांच्या कानाशी लागून सांगायचे आणि महाराजांना ते पटायचं. संघानं कित्येक दिवसांत एकही सामना जिंकला नव्हता, तरी लोक येतात, याचं तर त्यांना फारच कौतुक.

लोक का येतात, ते मात्र दिवाणांनी कधी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी गावात दवंडी फिरायची की घरटी एक माणूस मैदानात हजर पाहिजे. जो जाणार नाही त्याच्या दारावर हवालदार खडूची फुली मारायचा, आणि फुली पडलेल्या घराला तलावाचा गाळ उपसायला जावं लागायचं. त्यामुळे चाहते तऱ्हेतऱ्हेचे होते. शिंपी सदऱ्यांची काजं करत बसायचा. एक आजीबाई वाती वळायच्या. न्हावी तर खेळाकडे पाठ करून कुणाची तरी दाढी उरकायचा. महाराजांनी टाळी वाजवली की सगळे टाळ्या वाजवायचे, मग गोल कुठल्याही बाजूनं झालेला असो.

हुकूम ऐकून कुंभारवाड्यात रडारड झाली. येसू कुंभाराची मुलगी हौसा मात्र पदर खोचून दरबारात गेली आणि म्हणाली, महाराजांच्या चाहत्यांना आहे ते मैदान पुरून उरेल. डोळे घरी ठेवून आलीस का, असं दिवाणांनी तिला विचारलं. महाराजही चिडले.

"येत्या शुक्रवारी माझे सगळे चाहते याच मैदानात बसवून दाखव," ते म्हणाले. "एकही उभा राहता कामा नये. दारावर कुणाला अडवायचं नाही आणि मैदानात एक वीट वाढवायची नाही. जमलं तर कुंभारवाडा तुमचा. नाही जमलं, तर शनिवारी पहिली कुदळ तुझ्याच घरावर पडेल."

दरबार हसला. हौसानं अट कबूल केली. फक्त त्या दिवशीची दवंडी तिच्या शब्दांत व्हावी, एवढंच तिनं मागितलं.

"दवंडीत असं काय असतं?" महाराजांनी विचारलं.

"सामन्याची वेळ असते, सरकार," दिवाण घाईघाईनं म्हणाले.

मग नाही कशाला म्हणायचं? महाराजांनी मान डोलावली आणि दिवाणांना गप्प बसावं लागलं.

शुक्रवारी दवंडी फिरली: "ऐका हो ऐका! आज चार वाजता सामना. मैदानात ज्याला जागा मिळणार नाही, त्यानं खुशाल घरी राहावं. त्याच्या दारावर फुली पडणार नाही."

चार वाजता महाराज आले. दरवाजे सताड उघडे होते. समोरच्या पायऱ्या मोकळ्या पडल्या होत्या आणि मधल्या पायरीवर एक शेळी रवंथ करत बसली होती. महाराजांनी हवालदाराला गावात पिटाळलं. तो घाम पुसत परत आला. शिंपी म्हणे, मला जागा मिळाली नाही. आजीबाई म्हणे, मला जागा मिळाली नाही. न्हाव्यानं तर गर्दीत आपला अंगरखा फाटल्याचं सांगितलं.

एवढ्यात दिवाणांचा गडी निरोप घेऊन आला. मैदानात फार रेटारेटी असल्यामुळे दिवाणसाहेबांना आत शिरता आलं नाही, तरी क्षमा असावी.

महाराजांनी शेळीकडे पाहिलं आणि तो निरोप गड्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला.

"तू लोकांना अडवलंस, हौसा."

"नाही, महाराज. जागा मिळाली नाही तर घरी राहा, एवढंच मी म्हटलं. जागा आहे की नाही, हे बघायला त्यांच्यातलं कुणी घराबाहेर पडलंच नाही."

मग तिनं फुलीचं आणि गाळाचं सगळं सांगून टाकलं. महाराजांचा चेहरा उतरला. तेवढ्यात पलीकडून शिव्यांचा दणका उठला. कोपऱ्यातल्या पायऱ्यांवर काही माणसं बसली होती आणि महाराजांच्या गोलरक्षकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

"हे कोण?"

"हे तुमचे चाहते, महाराज. चेंडू आत गेला म्हणून त्यांच्या पोटात तुटतं. ज्यांना काहीच वाटत नव्हतं, ते टाळ्या वाजवायचे."

महाराजांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. सगळा कुंभारवाडा होता तो. मातीचे हात घेऊन तसाच येऊन बसला होता.

"गॅलरी बांधा की," हौसा म्हणाली. "पण चाहत्यांसाठी जागा करायला चाहत्यांचीच घरं पाडलीत, तर त्या जागेवर बसेल कोण? ती शेळीसुद्धा आमचीच आहे. आणि सगळ्यांना बसवायची अट होती. गोल बघून दोघं-तिघं आडवे झालेत, तेवढं पोटात घाला."

महाराजांच्या मिशा थरथरल्या आणि मग ते असे हसले की खेळाडू खेळायचे थांबले. कुंभारवाडा कुंभारांना कायमचा मिळाला. गॅलरीसाठी आणलेला दगड त्यांच्या भट्ट्यांना दिला. फुली बंद झाली. दिवाणांना दर सामन्याला कुंभारांच्या मधोमध बसण्याचा हुकूम झाला.

"पण हौसा," महाराज डोळे पुसत म्हणाले, "आता या पायऱ्या भरायच्या कशा?"

"एखादा सामना जिंका, महाराज."

महाराज पुन्हा खो-खो हसले आणि त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातावर ठेवलं.